इथे भीती कशाची आहे?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने) :

आम्ही नवरा-बायको आणि आमच्या दोन मुली गेली सहा वर्षे अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये तंबू घेऊन हिंडतो. कॅम्पिंगमधले आपल्याला सगळे कळते, असा आमचा समज होता. या उन्हाळ्यात तीन आठवडे जर्मनी आणि नॉर्वेला गेलो आणि तो पार उतरला. जर्मनीतल्या एका कॅम्पवर दुपारी दीड वाजता पोहोचलो तर फाटक बंद, आणि दीड तास कोणी दाद घेईना. संध्याकाळी गवतावर लहानशी शेकोटी पेटवली, तर पलीकडून एक गृहस्थ धावत आले. रात्री विजेची किटली लावली, तर आमच्याबरोबर शेजाऱ्यांचीही वीज गेली. दुसऱ्या सकाळी आणखी एका शेजाऱ्यांनी तंबूचे दार आपल्या दिशेला नको, असे सुनावले. पुढे नॉर्वेत फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या, काठी मोकळ्या जागेत तंबू लावला, तेव्हा जवळच्या घरातल्या आजीबाईंनी शांतपणे, पण ठामपणे आम्हाला उठवले. पत्नीचे म्हणणे असे की फलकावरचे नियम पाळले की आपले कर्तव्य संपले, लोकांच्या मर्जीला आपण बांधलेलो नाही. मला मात्र त्या तीन आठवड्यांची अजून लाज वाटते, आणि धाकटीने ‘आपण वाईट वागतो का?’ असे विचारले, त्याचे उत्तर मला देता आले नाही. पुढच्या वर्षी न्यूझीलंड आणि जमल्यास जपान असा बेत आहे. न लिहिलेल्या रीती आधी कशा कळाव्यात, आणि कोणी हटकले तर काय करावे?

उत्तर :

तुमची लाज मला ओळखीची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, युरोपातल्या कॅम्पवर भांडी घासण्याच्या मोठ्या सामाईक मोरीची सवय लागलेली असताना, मी अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या एका कॅम्पवर पाणी भरण्याच्या नळाखालीच तेलकट तवा घासायला बसले होते. मागून एक रेंजरबाई आल्या. त्या रागावल्या नाहीत; नळाखालच्या खडीत अडकलेले खरकट्याचे कण त्यांनी वाकून एकेक करून वेचले, माझ्या ओल्या हातावर ठेवले आणि एवढेच म्हणाल्या, “अस्वल रात्री हेच हुंगत येते, आणि एकदा आले की परत परत येते.” तवा घासणे हा अपराध नव्हता, ज्या जागी अस्वले आहेत त्या जागी, तंबूंच्या मधोमध, खरकटे सांडणे हा होता. मी ज्या कॅम्पवरून आले होते तिथे अस्वल नव्हते, म्हणून ती शिस्तही नव्हती.

कॅम्पवरच्या रीतीभाती शिष्टाचारातून थोड्या आणि भीतीतून फार जन्माला येतात, असे माझे मत त्या तव्यापासून बनले आहे. एखाद्या प्रदेशाला अस्वलाची भीती असते, एखाद्याला वणव्याची, एखाद्याला झाडे पोखरणाऱ्या किडीची, एखाद्याला नुसती शेजाऱ्याच्या झोपमोडीची. ती भीती कळली की वरवर विक्षिप्त वाटणारे नियम आपोआप सरळ दिसू लागतात, आणि जे नियम कुठेच लिहिलेले नाहीत त्यांचाही अदमास येतो. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात अंधार पडल्यावर गाडीत अन्न ठेवू देत नाहीत. टूथपेस्ट आणि उन्हाचे मलमसुद्धा लोखंडी पेटीत बंद करावे लागते, कारण तिथली अस्वले वासावरून गाडीचे दार उपटतात. ही सवय तुमच्या हाडीमांसी मुरलेली असणार. नॉर्वेच्या कॅम्पवर रात्री पातेले बाहेर ठेवणारी माणसे पाहून तुम्ही दचकला असाल, तर त्यांच्या दृष्टीने तुम्हीच विक्षिप्त होता.

याचे सर्वांत लख्ख उदाहरण अमेरिकेतच आहे. जंगलात मुक्काम करणाऱ्यांना शिकवतात की लघवी आणि भांड्यांचे पाणी ओढ्यापासून निदान २०० फूट, म्हणजे मोठ्या माणसाच्या साधारण ७० पावलांवर न्यावे, आणि शौचासाठी ६ ते ८ इंच खोल खड्डा करून तो बुजवावा. हाच माणूस ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीवर तराफ्याने निघाला, की त्याला नेमके उलटे सांगतात : लघवी थेट नदीत करा, भांड्यांचे पाणी गाळून नदीच्या प्रवाहात ओता, आणि विष्ठा बंद डब्यात भरून प्रवासाच्या शेवटापर्यंत बरोबर वागवा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा गलिच्छपणा वाटतो. पण तिथे उंच कड्यांखाली अरुंद वाळूचे किनारे आहेत, पाऊस नावापुरता पडतो, हजारो माणसे ओळीने त्याच थोड्या वाळवंटांवर मुक्काम करतात, आणि शेजारून प्रचंड नदी वाहते. वाळूत मुरलेली घाण तिथेच कुजत राहील, नदीत ती विरून जाईल. हेतू दोन्हीकडे एकच, कृती मात्र परस्परांच्या विरुद्ध. एका ठिकाणी शिकलेली उत्तम सवय दुसऱ्या ठिकाणी चूक कशी ठरते, हे धाकटीला समजावायचे असेल तर हीच गोष्ट सांगा. त्या वयाच्या मुलांना ती विलक्षण आवडते.

आता तुमचे पाच प्रसंग घेते. तुम्ही ते एकाच माळेत ओवले आहेत, पण ते एका जातीचे नाहीत.

शेकोटीचा प्रसंग सर्वांत गंभीर, म्हणून तो आधी. अमेरिकेतल्या कॅम्पवर शेकोटीला स्वतःचे घर असते : प्रत्येक जागेवर लोखंडी कडे आणि शेजारी लाकडी टेबल. मध्य युरोपातल्या पुष्कळ कॅम्पवर तुम्हाला मिळतो तो हिरवळीचा एक चौकोन, ज्यावर परवा दुसरे कुटुंब तंबू लावणार असते, आणि शेजारचा तंबू चार पावलांवर असतो. तिथे जमिनीवर जाळ करणे म्हणजे दुसऱ्याच्या दिवाणखान्यात चूल मांडण्यासारखे आहे. ते गृहस्थ धावत आले हे बरेच झाले. प्रदेश बदलला की आगीबद्दलचे सर्व काही पुन्हा शिकायचे, एवढी एकच सवय तुम्ही लावून घेतलीत तरी मला समाधान वाटेल. नॉर्वेत १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात जंगलात आणि जंगलालगत उघड्यावर आग पेटवायला सर्वसाधारणपणे बंदी असते. फिनलंडमध्ये दुसऱ्याच्या रानात तंबू लावता येतो, पण तिथेच शेकोटी करायची तर जमिनीच्या मालकाची परवानगी लागते, म्हणजे मुक्कामाचा हक्क आणि आगीचा हक्क वेगवेगळे आहेत. स्वीडनमध्ये उघड्या कातळावर शेकोटी करू देत नाहीत. आपल्याला तीच सर्वांत सुरक्षित जागा वाटते, पण तापलेला कातळ तडकतो आणि ती खूण पुढच्या पिढ्यांनाही दिसत राहते. ऑस्ट्रेलियात संपूर्ण आगबंदीचा दिवस जाहीर झाला की लाकूड-कोळशाची चूल बंद, आणि काही राज्यांत गॅसच्या शेगडीवरही अटी येतात. ही बंदी दिवसागणिक बदलते, त्यामुळे कालचे ज्ञान आज उपयोगी पडत नाही. अमेरिकेत सरपण दुरून आणू नका असे का सांगतात, हे तुम्हाला माहीत असेल : ॲश जातीची झाडे पोखरणारा, मूळचा आशियातला एक पाचूसारखा हिरवा भुंगेरा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला, लाकडाच्या मोळ्यांमधून राज्याराज्यांत पसरला आणि त्याने कोट्यवधी झाडे मारली. न्यूयॉर्क राज्यात प्रक्रिया न केलेले सरपण ५० मैलांपलीकडे नेता येत नाही ते यामुळेच. तिथे भीती जाळाची नाही, मोळीत दडलेल्या अळीची आहे.

फाटकाचा प्रसंग तेवढा गंभीर नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या अनेक कॅम्पवर दुपारी, बहुधा १ ते ३, विश्रांतीची वेळ पाळतात. फाटक खाली असते, गाडी हलवत नाहीत, कचेरीही बंद असते. तुम्ही ज्या उद्यानांत राहिलात तिथे एका जागी राहण्याची मर्यादा पुष्कळदा १४ दिवसांच्या आसपास असते, सगळेच वाटसरू. जर्मन कॅम्पवर मात्र कित्येक कुटुंबे सबंध हंगामभर, वर्षानुवर्षे, त्याच जागी कॅराव्हान (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर) ठेवून राहतात, कुंड्या मांडतात, कुंपण घालतात. तुमच्या दृष्टीने ते रात्रीचे मुक्कामाचे ठिकाण होते, त्यांच्या दृष्टीने ती त्यांची आळी होती, आणि आळीत भर दुपारी मोटार आणून मेखा ठोकायला लागणारा पाहुणा कोणाला आवडेल? उपाय साधा आहे : साडेबाराच्या आत पोहोचा, नाहीतर गाडी फाटकाबाहेर उभी करून पायी फिरून या.

किटलीचा प्रसंग हा निव्वळ अंकगणिताचा आहे, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. युरोपातल्या बऱ्याच कॅम्पवर एका जागेला ६ किंवा १० अँपिअर वीज देतात. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट. घरगुती विजेची किटली बहुधा २००० वॅटच्या वर असते. वीज जाणारच. जागा घेताना ‘किती अँपिअर?’ एवढे विचारा आणि १००० वॅटच्या आतली प्रवासी किटली बाळगा. शेजाऱ्यांची क्षमा मागितली असेल तर विषय संपला.

तंबूच्या दाराचा प्रसंग मी सोडून द्यायला सांगेन. तंबूचे दार कोणत्या दिशेला असावे याची कोणतीही जर्मन रीत मला माहीत नाही. ती त्या गृहस्थांची वैयक्तिक आवड होती, आणि माणूस परदेशात असला की एका माणसाच्या आवडीला तो सबंध देशाची संस्कृती समजतो, तसे तुमचे झाले. शक्य होते म्हणून तुम्ही दार फिरवले असेल तर चांगलेच केले. पण ते ओझे पुढच्या प्रवासात नेऊ नका.

राहिल्या नॉर्वेतल्या आजीबाई. इथे तुमच्या पत्नीचे म्हणणे लंगडे पडते, कारण तिथे फलक नव्हता आणि तरी नियम होता, नुसता नियम नव्हे तर कायदा. नॉर्वेच्या १९५७ च्या कायद्याने कोणालाही पडीक आणि रानातल्या जमिनीवर मालकाला न विचारता तंबू लावता येतो, मात्र राहत्या घरापासून किंवा केबिनपासून निदान १५० मीटर दूर, आणि एका जागी साधारण दोन रात्रींपेक्षा जास्त नाही. डोंगरमाथ्यावर किंवा फार दूरच्या रानात ही दोन रात्रींची अट नसते. इतका उदार हक्क टिकतो तो याच एका अंतरावर. तुमचा तंबू त्या आजींच्या खिडकीतून दिसत होता, यातच सर्व आले. स्वीडनमध्ये मुक्त संचाराचा हा हक्क १९९४ पासून राज्यघटनेतच आहे आणि तो शिकवताना तिथे सांगतात, त्याचा मराठी मथितार्थ असा : त्रास देऊ नका, नासधूस करू नका. अंतराचा आकडा तिथे सांगत नाहीत. तो तुमच्या समजुतीवर सोडलेला आहे, आणि म्हणूनच तो चुकण्याची शक्यता जास्त.

अशी लिहिलेली पण जागेवर न दिसणारी बंधने किती चटकन बदलतात याचा नमुना म्हणून ब्रिटनच पाहा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानुसार थोड्या माणसांना, थोड्या रात्री, उघड्या रानात तंबू लावता येतो. पण तिथल्याच लॉख लोमंड या सरोवराच्या काठच्या काही पट्ट्यांत २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो, कारण गर्दीने ते काठ पार उकिरडा होऊ लागले होते. गाडीत झोपणाऱ्यांना हा हक्क मुळातच नाही. सीमा ओलांडून इंग्लंडमध्ये शिरलात की जमिनीच्या मालकाच्या परवानगीशिवाय तंबू लावता येत नाही. डार्टमूर हा माळरानाचा प्रदेश ठळक अपवाद, तोही मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकला. या हद्दीवर तुम्हाला फलक दिसेलच असे नाही. तेव्हा पत्नीला माझ्यातर्फे सांगा की ‘नियम पाळले की झाले’ हे तत्त्व बरोबर आहे, फक्त नियम वाचण्याचे काम फलकापाशी सुरू होत नाही, निघण्यापूर्वी होते. आणि लोकांच्या मर्जीला आपण बांधलेलो नाही हेही खरे, पण ते तंबूच्या दारावरून सुनावणाऱ्या शेजाऱ्याला लागू पडते, शेकोटी पाहून धावत आलेल्याला नव्हे.

आधी कसे कळावे, हा तुमचा खरा प्रश्न. कॅम्पची नियमावली मिळाली की ती सगळी पाठ करू नका, तिच्यातल्या पहिल्या तीन-चार ओळी लक्षपूर्वक वाचा. नियम लिहिणारा माणूस त्याला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट सर्वांत वर लिहितो. वर आग असेल तर रान कोरडे आहे. वर अन्न साठवणे असेल तर प्राणी आहेत. वर शांततेच्या वेळा असतील तर माणसे दाटीने राहतात. मग कचेरीत ‘इथले नियम काय?’ असे विचारू नका, कारण उत्तरादाखल तोच छापील कागद पुन्हा हातात पडतो. ‘नव्याने येणाऱ्यांची इथे हटकून कोणती चूक होते?’ असे विचारा. या प्रश्नाने कंटाळलेला कारकूनही खुलतो; माझ्या अनुभवात दहा-दहा मिनिटे माहिती मिळाली आहे, आणि तीही कुठेच न छापलेली.

त्यानंतर तंबू उतरवण्याआधी अर्धा तास नुसते पाहा. हा अर्धा तास मुलींना द्या, त्या तुमच्यापेक्षा तीक्ष्ण नजरेच्या असतील. माणसे भांडी कुठे घेऊन चालली आहेत? शौचालयाकडे जाणाऱ्याच्या हातात स्वतःचा कागदाचा गुंडाळा आहे का? (युरोपात काही कॅम्पवर तो पुरवत नाहीत, आणि हे कळण्याची सर्वांत वाईट जागा कोणती ते सांगायला नको.) दुसऱ्याच्या जागेतून कोणी आडवे जाते, की सगळे रस्त्याने वळसा घालतात? कचऱ्याचे डबे किती रंगांचे आहेत, की डबेच नाहीत? एका मुलीने पाण्याची जागा आणि दुसरीने कचऱ्याची रीत शोधून यायचे, असे वाटून दिलेत तर पुढच्या खेपेला ‘आपण वाईट वागतो का?’ हा प्रश्न येणारच नाही. आपण नवे आहोत आणि शोधतो आहोत, हे त्यांना स्वतःच दिसेल.

गॅसबद्दल एक सांगते, कारण त्यात लोक पहिलाच दिवस घालवतात. गॅसचे डबे विमानातून नेता येत नाहीत, ते तिथेच घ्यावे लागतात, आणि सगळीकडे एकाच तोंडाचा डबा मिळत नाही. आटे असलेला डबा बऱ्याच देशांत मिळतो, पण फ्रान्समध्ये दुसऱ्या पद्धतीची तोंडे अजून सर्रास दिसतात आणि जपानमध्ये घरगुती शेगडीचे लांबट डबे सहज मिळतात. शेगडीही वासाचा मागमूस राहणार नाही इतकी साफ केली नाही, तर विमानतळावरच अडकते.

कोणी हटकले तर काय करावे? एक वाक्य गिळा : ‘आमच्याकडे तर असे चालते.’ ते खरे असते, आणि समोरच्याला त्याचा शून्य उपयोग असतो. त्याला वाटते की तुम्ही वाद घालता आहात. त्याऐवजी आधी हात हलवा, मग तोंड : आग विझवा, आवाज बंद करा, गाडी मागे घ्या, आणि मग विचारा, ‘इथे हे कसे करतात?’ ज्या माणसाने तावातावाने हटकले तोच पुढच्या मिनिटाला शिक्षक होतो, कारण त्याचा राग बहुतेक वेळा तुमच्यावर नसून त्याच्या भीतीवर असतो. समोरचा अपमान करू लागला किंवा आवाज चढवू लागला, तर मात्र ऐकत उभे राहू नका. कचेरीकडे चालू लागा. नियम सांगणे हे तिथल्या माणसाचे काम आहे, शेजाऱ्याचे नव्हे. तुम्ही स्वतः जुने झालात आणि दुसऱ्या कोणाला चुकताना पाहिलेत, तेव्हाही हेच. आग किंवा उघडे अन्न असेल तर लगेच, पण हळू आवाजात बोला. बाकीचे सोडून द्या.

जपानबद्दल थोडक्यात. तिथल्या बहुतेक कॅम्पवर जमिनीवर थेट जाळ करायला बंदी असते. पायांवर उभे राहणारे शेकोटीचे पात्र वापरतात, खाली आगरोधक चादर अंथरतात आणि राख ठरलेल्या जागी टाकतात. कचरा बरोबर परत नेण्याची अपेक्षा अनेक ठिकाणी असते, तेव्हा गाडीत घट्ट झाकणाचा डबा ठेवा. उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावर गेलात तर अस्वलांची तुमची जुनी शिस्त जशीच्या तशी कामी येईल.

न्यूझीलंडला गाडी भाड्याने घेणार असाल तर ‘कुठेही झोपता येते’ या ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. तिथे २०११ चा मुक्त मुक्कामाचा कायदा आहे आणि २०२३ मध्ये तो कडक झाला : स्वयंपूर्ण (पाणी आणि मैला स्वतःच वागवणाऱ्या) वाहनाचे प्रमाणपत्र हवे तर शौचकूप गाडीत पक्का बसवलेला असावा लागतो. नियम मोडला की जागेवरच दंड होतो. कॅम्पच्या सामाईक स्वयंपाकघरात टेबलावर टेकून बसू नका. अमेरिकेत लाकडी टेबलावर बसण्यात कोणाला काही वाटत नाही, पण माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, रीतीनुसार अन्नाची जागा आणि शरीराची जागा वेगळी ठेवतात, आणि हा संकेत तिथले इतरही पुष्कळ लोक पाळतात. आपल्याकडच्या सोवळ्या-ओवळ्याची आठवण असलेल्या वाचकाला हे लगेच कळेल.

आणि निघण्यापूर्वी एक संपूर्ण सुट्टीचा दिवस धुण्यासाठी ठेवा. त्या देशाची सर्वांत मोठी भीती बाहेरून येणारे बी, बुरशी आणि कीड ही आहे. वापरलेले तंबू आणि बूट उतरताना जाहीर करावे लागतात, ते उलगडून तपासतात, आणि काही जंगलांत कौरी वृक्षांना रोगापासून वाचवण्यासाठी वाटेच्या तोंडाशीच बूट घासून आत जावे लागते. बुटांचे तळवे दात घासण्याच्या जुन्या ब्रशने घासा, तंबूचे कोपरे उलटे करून झटका, वाळवा. मेखा विसरू नका; त्यांच्या वाकलेल्या टोकात मागच्या मुक्कामाची माती हमखास बसलेली असते.